मोरीत ओतलेलं पाणी

माझ्या भाचीने, नंदाने, गेल्या महिन्यात आपली एक किडनी आपल्या मुलाला दिली. परळला ऑपरेशन झालं. शेजारशेजारच्या दोन खोल्या, एकीत आई आणि दुसरीत मुलगा. आईची किडनी काढली, गार औषधाने आतून धुतली, बर्फात ठेवली आणि पलीकडे नेऊन मुलाला बसवली. हे मला तिथल्या सिस्टरने सांगितलं. म्हातारीला काय कळणार म्हणून बालवाडीत शिकवतात तसं सावकाश सांगत होती. "आजी, रक्त बंद झालं की किडनीला इजा होते ना, म्हणून बर्फ." मी म्हटलं, "बाळ, माझीसुद्धा बर्फात ठेवलेली होती. तू जन्मायच्या आधी." तिने नंदाकडे असं बघितलं, जणू आजीचं डोकं ठिकाणावर नाही हे ओळखलंच.

तेव्हा ठरवलं की लिहून काढायचं. ऑपरेशनची वाट बघणाऱ्यांनी वाचावं म्हणून लिहितेय. धीर देण्यासाठी नाही, धीर द्यायला पुष्कळ लोक आहेत. मला माझी एक चूक सांगायची आहे, आणि ती सांगायला लावलेला उशीर.

*

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती. मी अठ्ठावीस वर्षांची. लालबागच्या चाळीत आमची एक खोली, घरी हे, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. हे मिलमध्ये माग चालवायचे, मी त्याच मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला. कुशीत दुखायचं ते दोन वर्षांपासून. आधी वाटलं गॅस, मग वाटलं नजर. मग एकदा खात्यात उभ्या उभ्या आडवी झाले, तेव्हा ह्यांनी मला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. इस्पितळाचं नाव लिहीत नाही.

हातात सुई टोचून औषध घातलं आणि फोटो काढले. मोठ्या डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. चाळिशीचे असतील, विलायतेहून शिकून आलेले, बोलणं पुण्याकडचं. म्हणाले, "डावी किडनी संपलेली आहे, वाळून गेलीय. उजवीवर तू जगते आहेस. आणि उजवीत हे आहे." फोटोत पांढरं काहीतरी होतं. आल्याच्या कांडीला फाटे असतात ना, तसं, किडनीभर पसरलेलं. तो एकच मुतखडा होता.

"पाणी किती पितेस दिवसाला?"

मला हसू आलं. डॉक्टर रागावले. पण खरंच, आमच्या खात्यातल्या कुठल्या बाईला हा प्रश्न विचारला असता तर ती हसलीच असती. कामाची पाळी सुरू झाली की संडासला जायला नायकिणीकडून, म्हणजे आमच्यावरच्या मुकादमबाईकडून, बिल्ला मागायचा. अख्ख्या खात्यात बिल्ले दोन. नायकीण सगळ्यांदेखत विचारणार, "परत? आता तर जाऊन आलीस." संडासच्या वाटेवर पुरुषांचं खातं, तिथून जाताना शेरे ऐकायचे. म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही. भोंग्याच्या आधी एक घोट, सुटल्यावर घरी चहा. नवीन मुलगी खात्यात आली की तिला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, पाणी नको पिऊस, सवय होते. आणि होतेच सवय. दहा वर्षांत मला तहान लागायचीच बंद झाली होती. त्याचा मला अभिमान होता, काय सांगू.

*

डॉक्टर माणूस सरळ होता. ह्यांना आणि माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, समोर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. दगड काढायला किडनी उभी चिरायला हवी. चिरली की रक्ताचा पूर, म्हणून आधी तिची रक्तवाहिनी चिमट्याने बंद करायची. पण रक्ताविना किडनी वीस-पंचवीस मिनिटंच तग धरते, आणि हा दगड काढायला त्याच्या दुप्पट वेळ लागणार. "त्यावर एक उपाय नवीन आलाय. किडनीभोवती बर्फ भरायचा. गार पडली की तिची भूक कमी होते, रक्तावाचून जास्त वेळ राहू शकते. मी हे फार वेळा केलेलं नाही. पण दुसरा मार्ग मला दिसत नाही."

"आणि नाय राहिली तर?" ह्यांनी विचारलं.

"तर हिला दुसरी किडनी नाही."

सुमन तेव्हा लग्न होऊन फणसवाडीत राहायची. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "माझी एक घ्या की डॉक्टर. दोन आहेत ना माझ्या?" डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "अमेरिकेत एकाची दुसऱ्याला बसवलीय. पण ते जुळे भाऊ होते. तू हिची जुळी आहेस का?" सुमन म्हणाली, "पाठची आहे." डॉक्टर म्हणाले, "मग नाही चालायचं. आज तरी नाही." जिन्यात येऊन ती रडली. मला कोरडंच वाटत होतं. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे मालवणचे, एरवी माणसांत हात लावणं सोडा, नजरसुद्धा वळवायचे नाहीत. म्हणाले, "गप रव. काय एक होवचा नाय." मी गप्पच होते. तेच हलले होते.

सासूबाई मुलीला घेऊन गावी गेल्या. जाताना मुलीने मला विचारलं नाही की तू कधी येणार. तिला कुणीतरी पढवलं असावं.

*

वॉर्डात तीस खाटा. माझ्या शेजारी जानाबाय. शीव कोळीवाड्याची, चाळिशी उलटलेली, आवाज असा की बोलली की पलीकडच्या बायका जाग्या व्हायच्या. तिची एक किडनी आधीच काढलेली होती, दुसरीत दगड. म्हणजे दोघी एका होडीत. ऑपरेशन आधी माझं, मग आठवड्याने तिचं, दोन्ही बर्फातली.

"तुजी म्हावऱ्यासारखी बरफात ठेवनार म्हंत्यात," ती म्हणायची. "डोळे लाल झाले तर मना सांग. मी एक नजर टाकली की सांगते, म्हावरा कालचा की परवाचा." मी हसले की टाके नसतानाही कूस दुखायची.

डॉक्टरांनी मला ऑपरेशनच्या आधी तीन दिवस ठेवून घेतलं होतं ते पाण्यासाठी. दिवसाला चार तांबे. "शरीरात पाणी भरपूर असलं की किडनी मार सोसते. सुकलेली असली तर बर्फ काही करू शकत नाही. औषध समजून पी." खाटेच्या पायथ्याशी फळी टांगलेली. सिस्टर विचारायची, किती झाले, मी सांगायची आणि ती खूण करायची.

पहिला तांब्या मी अर्धा प्यायले. पोट फुगलं. संडास व्हरांड्याच्या टोकाला, तीस बायकांत दोन. दुसऱ्यांदा गेले तर आया म्हणाली, "परत? आता तर जाऊन आलीस." नायकिणीचेच शब्द. तिचा दोष नाही, ती लादी पुसत होती, ओल्या लादीवरून मी गेले म्हणून बोलली. पण मला तेवढं पुरलं. त्यानंतर मी तांब्या घेऊन मोरीपाशी जायची, तोंड धुण्याचं निमित्त करायची आणि ओतून द्यायची. सिस्टरने विचारलं की सांगायची, झाले चार.

जानाबायने बघितलं. दुसऱ्याच दिवशी.

"अगो बाय, त्या मोरीला कशाला पाजतेस? तिला कवा तहान लागली?"

"जात नाही गं घशाखाली."

"मंग सांग ना त्यास्नी."

"रागावतील. तू नको बोलूस हां. शपथ आहे."

ती उठून बसली. मग आपला पितळी तांब्या पुढे केला, घरून आणलेला, जड, पोटाला पोचा पडलेला. "माज्या समोर पी. दोन घोट. नायतर बोंब मारते." मी दोन घोट प्यायले. तेवढं मात्र ती रोज, आठवेल तेव्हा, करायला लावायची. मी बिछान्यात असताना दिवसाकाठी माझ्या पोटात एक कप पाणी गेलं असेल ते तिच्या धाकाने.

*

ठरल्या दिवशी हरताळ पडला. बर्फाची गाडी आलीच नाही. खालून मोर्चा जात होता, "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे" वॉर्डात ऐकू येत होतं, आणि कुठल्याशा खाटेवरची म्हातारीसुद्धा त्या ठेक्यावर मान हलवत होती. एरवी आमचे हे त्या मोर्च्यात पुढे असते. त्या दिवशी ते माझ्या खाटेशी स्टुलावर बसून होते. मी म्हटलं, जा ना. म्हणाले, "तू बरी हो. महाराष्ट्र माझ्यावाचून अडलेलो नाय." ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं. म्हणजे पाण्याचा आणखी एक दिवस. म्हणजे आणखी चार तांबे मोरीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळून आल्या. त्या फोडून मीठ घालून टबात भरल्या आणि त्यात सलाईनच्या बंद बाटल्या पुरल्या. आईस्क्रीमचा पॉट भरतात तसंच. ते बाटलीतलं पाणी गोठलं की त्याचा शुद्ध चुरा किडनीभोवती घालणार होते. डॉक्टरांनी माझी फळी वाचली. सगळ्या खुणा जागच्या जागी. "शाबास," म्हणाले. "तू तुझं काम केलंस, आता मी माझं करतो."

तेव्हा सांगायला हवं होतं. जीभ टाळ्याला चिकटलेली होती, आणि तीसुद्धा पाण्यावाचूनच.

*

शुद्धीवर आले तेव्हा कुशीतून एक नळी, खालून एक नळी, आणि खाटेखाली काचेची बाटली. ती बाटली म्हणजे माझं नशीब. तिच्यात लघवी जमली तर किडनी जिवंत. ह्यांनी आणि त्यांच्या खात्यातल्या दोघांनी रक्त दिलं होतं, ते माझ्या हातातून आत जात होतं. पहिल्या दिवशी बाटलीत चार औंस लाल पाणी जमलं. दुसऱ्या दिवशी एक औंस. तिसऱ्या दिवशी काहीच नाही.

मग सुरू झाली खरी गंमत. मला पाणी बंद. किडनी बाहेर टाकत नाही तर आत घेऊन करायचं काय, अंगात साठून जीव जाईल. दिवसाला एक फुलपात्र, तेही चमच्याने. आणि मला, जिला दहा वर्षं तहान लागली नव्हती, तिला अशी तहान लागली की मी आयाच्या बादलीकडे बघत बसायची. तोंडाला नवसागरासारखी चव. अंगाला खाज, उचक्या थांबत नव्हत्या, टाक्यांतून कळ मारायची. पाय सुजून गादीसारखे झाले. हे येत, बाटलीकडे बघत, माझ्याकडे बघत नसत.

मोरीतून पाणी जातानाचा तो गडगड आवाज मला सारखा ऐकू यायचा.

चौथ्या दिवशी डॉक्टर आपल्या शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आले. दाढी वाढलेली, डोळे खोल. माझ्यासमोरच मराठी-इंग्रजीत बोलले, मला समजेल ते समजलं. चाळीस मिनिटं रक्त बंद होतं. बर्फ होता, पाणी भरपूर पाजलेलं होतं, तरी किडनी उठली नाही. म्हणजे बर्फानेच आतला नाजूक भाग जाळला असावा. चूक त्यांची. पुढच्या बाईला बर्फ वापरणार नाही, लागेल तेवढ्या घाईने दगड काढू, निघेल तेवढा.

पुढची बाई म्हणजे जानाबाय.

मी डोळे मिटून घेतले. मला कळलं होतं, सगळं कळलं होतं. गुंगी होती, ग्लानी होती, ही कारणं मी नंतर स्वतःला दिली. खरं कारण वेगळं. मला वाटलं, खोटं बोलले हे कळलं तर हा माणूस मला सोडून देईल. माझ्या बाटलीकडे दिवसातून चार वेळा येऊन बघणारा तो एकटाच होता. आणि ह्यांनी रक्त दिलं होतं. त्यांना काय सांगू, तुमचं रक्त घेतलं आणि पाणी मात्र फेकून दिलं?

जानाबायच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला म्हटलं, "जानाबाय, मी सांगते डॉक्टरांना. बर्फाचा दोष नाही."

ती भाताचा घास कालवत होती. "सांगून तुजी बाटली भरनार हाय?"

"तुझ्यासाठी म्हणते मी. तुला बर्फ घालतील."

"मना नकोच तो बरफ," ती म्हणाली. "जल्म गेला माजा त्याच्यात हात घालून. बोटं बग माजी." तिने हात पुढे केला. बोटांची टोकं पांढरी, बधिर, भेगाळलेली. "तू नीज. तुला दम लागतोय."

मला हेच ऐकायचं होतं. मी निजले.

*

तिला सकाळी नेलं, दुपारी आणलं. आमच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी, दोन्ही कोरड्या. ती शुद्धीवर आली पण आवाज गेलेला. वॉर्डात पहिल्यांदाच शांतता झाली आणि ती कुणालाच आवडली नाही.

अकराव्या दिवशी सकाळी सिस्टर खाली वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. मग तिने बाटली वर धरली. तळाला पिवळं पाणी होतं, दोन बोटं. संध्याकाळपर्यंत आठ औंस. हे व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, अगदी फोटो धरला होता तशी, आणि म्हणाले, "का उठली समजत नाही. पण उठली." मी जानाबायकडे मान वळवली. तिचे डोळे उघडे होते. ओठ हलले. "सुटलीस गो बाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिची बाटली शेवटपर्यंत भरली नाही.

*

मी डॉक्टरांना सांगितलं ते त्यानंतर. जानाबायची खाट धुऊन उन्हात ठेवून परत आणली होती, तिच्यावर नवी चादर. डॉक्टर माझे टाके बघत होते. मी म्हटलं, "मी पाणी प्यायलेच नव्हते."

"कधी?"

"ऑपरेशनच्या आधी. चारही दिवस. मोरीत ओतलं. फळीवरचं सगळं खोटं आहे."

त्यांचा हात थांबला. ओरडतील म्हणून मी तयार होते. ते जानाबायच्या खाटेवर बसले. डॉक्टर कधी पेशंटच्या खाटेवर बसत नाहीत, लांबून सिस्टरही बघायला लागली.

"किती गेलं पोटात?"

"दिवसाला कपभर. तेही जानाबायने पाजलं म्हणून."

त्यांनी माझे केसपेपर मागवले. पाण्याच्या रकान्यावर रेघ मारली आणि बाजूला बराच वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले, "सुकलेली किडनी, चाळीस मिनिटं रक्त नाही, आणि तरी उठली. म्हणजे बर्फाने तुला वाचवलं. मी नेमकं उलटं समजलो."

"मग जानाबाय?"

"ते मला विचारू नकोस." मग स्वतःच म्हणाले, "बर्फ असता तर वाचली असती असं मी छातीठोक सांगणार नाही. पण मी वापरला असता. आठ दिवसांपूर्वी बोलली असतीस तर नक्की वापरला असता." उठले, दोन पावलं जाऊन परत आले. "आणि मी फळी बघून शाबास म्हटलं. तुझी लघवी मोजली असती तर तेव्हाच कळलं असतं. तेही लिहिलंय मी."

ते मला एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी घरी जायच्या आठवड्यात बर्फ-मिठाचा टब पुन्हा वॉर्डावरून थिएटरकडे जाताना दिसला, आणि त्या दिवसापासून सिस्टर पाण्याच्या खुणा विचारून करत नव्हती, उभी राहून पाजत होती.

*

जानाबायचा नवरा तिचं सामान न्यायला आला तो बऱ्याच दिवसांनी, मी घरी जायच्या आदल्या दुपारी. काळासावळा, बुटका, बोलण्यात मवाळ. गाठोडं बांधलं आणि पितळी तांब्या तेवढा बाहेर ठेवला. माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "हा कशाला? तुमच्या घरचा आहे."

"ती बोलली होती," तो म्हणाला. "आत नेताना मना बोलली, काय झाला तर हा तांब्या त्या बाजूच्या बायला दे. तिला पानी पाजायला कोनतरी पायजे."

त्याला मी तेव्हा काही सांगितलं नाही. त्याने गाठोडं उचललं, मला नमस्कार केला आणि गेला. त्यानंतर किती वर्षं शीवला उतरायचं, कोळीवाड्यात जायचं, असं मनात आणलं आणि गेले नाही. आता तोही राहिला नसेल.

उजवी किडनी अजून चालते आहे, अर्धीमुर्धी. नंदाच्या मुलाची नवी किडनी पहिल्याच दिवशी बाटली भरून चालली, सिस्टर दाखवायला घेऊन आली. मी मुलाला विचारलं, किती पाणी प्यायलास? तो म्हणाला, "आजी, चार्टवर लिहिलंय." मी पिशवीतून तांब्या काढला, पोचा पडलेला, तो भरला आणि त्याच्या खाटेशी उभी राहिले. म्हटलं, चार्ट नको दाखवूस, माझ्या समोर पी.